मामा जिवंत आहे, मग बलिदान कसं लिहू?

हे पत्र सोलापुरातल्या एका आईचं आहे. नाव, शाळा, गल्ली सगळं काढलंय आणि बरंच छोटं केलंय.

"माझा मुलगा सहावीत आहे. माझा सख्खा धाकटा भाऊ मिलिटरीत आहे, १४ वर्षं झाली, आत्ता उत्तरेत बॉर्डरकडं आहे. २६ जानेवारीसाठी शाळेनं सैनिकांना कार्ड पाठवायचा कार्यक्रम ठेवलाय. बाईंनी मजकूर फळ्यावर लिहून दिला, आपल्या बलिदानाबद्दल आम्ही आपले सदैव ऋणी राहू असं काहीतरी. सगळ्या पोरांनी उतरवून घेतलं, आमच्यानं नाही. त्यानं लिहिलं, मामा तिकडं थंडी किती आहे, तुला सुट्टी कधी आहे, तुझा फोन झाला की आई मोरीत जाऊन रडते. बाईंनी ते वर्गात वाचून दाखवलं, पोरं हसली. परत लिही म्हटल्यावर हा म्हणतो, मामा मेला नाही की, मग बलिदान कशाला लिहायलोय मी. दुसऱ्या दिवसापासून परिपाठाला प्रतिज्ञा पण म्हणत नाही. उभा राहतो, हात पुढं करतो, तोंड बंद. बाईंनी पालकांच्या ग्रुपवर टाकलं की काही विद्यार्थी प्रतिज्ञा म्हणत नाहीत, घरी देशप्रेमाचे संस्कार व्हावेत. नाव नव्हतं पण सगळ्यांना कळलं, खाली अंगठे किती आले ते सांगत नाही. मिस्टर म्हणतात दोन ठेवून दे, सरळ होईल. सासरे म्हणतात शाळेत नेऊन माफी मागायला लाव. भावाला अजून सांगितलं नाही, त्याला काय वाटेल. मिलिटरीवाल्याच्या घरात असं पोर कसं निपजलं हेच कळेना. काय करू?"

ताई, आधी एक सांगते, दोन ठेवून देऊ नका. बाकीचं निवांत बोलू.

तुमचं मूळ पत्र चांगलं चार पानी आहे. त्यात 'ग्रुप' हा शब्द ९ वेळा आलाय, मी मोजला, मास्तरकीची वाईट खोड आहे ही, जात नाही. भावाबद्दल दोन ओळी आहेत. आणि मोरीत जाऊन रडता त्याबद्दल तुमची स्वतःची एकसुद्धा ओळ नाही, ते फक्त पोराच्या कार्डात आलंय. म्हणजे जी गोष्ट तुम्ही मला पण लिहिली नसती, नळ सोडून कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून मोरीत जाऊन केलेली गोष्ट, ती ४०-५० पोरांपुढं मोठ्यानं वाचली गेली आणि त्यावर पोरं हसली. मला आपलं वाटतंय की दुखलंय ते तिथं. देशप्रेमाचं नाव त्याला नंतर चिकटलं, कारण ग्रुपवर तोच शब्द आला. चूक असेन तर सोडून द्या, पण एकदा स्वतःशी विचारून बघा की पोरगं प्रतिज्ञा म्हणत नाही म्हणून झोप उडालीय, का ते कार्ड सगळ्यांनी ऐकलं म्हणून.

आता पोराचं बघू. त्यानं काय केलं? ज्याला कार्ड जाणार तो माणूस डोळ्यापुढं आणला आणि त्याला जे विचारावंसं वाटलं ते विचारलं. थंडी किती, सुट्टी कधी. पत्र लिहिणं म्हणतात ते हेच की. बाकीच्या पोरांनी फळा उतरवून घेतला, त्यात त्यांचा दोष नाही, त्यांच्यासाठी सैनिक म्हणजे टीव्हीतला, पोस्टरवरचा, बर्फात बंदूक धरून उभा असलेला माणूस. तुमच्या पोरासाठी सैनिक म्हणजे गड्ड्याच्या जत्रेत खांद्यावर बसवून पाळणे दाखवणारा मामा. अशा पोरानं मामाला 'तुमच्या बलिदानाबद्दल' असं लिहायचं? आपल्याकडं म्हण आहे ना, शुभ बोल नाऱ्या तर म्हणे मांडवाला आग लागली. दिवेलागणीला घरात कुणी असलं काही बोललं तर आजी लगेच गप्प करायची आम्हाला. ज्यांच्या घरातलं माणूस ड्युटीवर आहे त्यांच्या घरात तो शब्द कुणी तोंडात घेत नाही, तुम्ही पण घेत नसाल. पोरगं हे घरातच शिकलंय, तुमच्याकडनंच. निपजलं कसं म्हणता, असं निपजलं.

शाळाशाळांतनं, आणि फक्त शाळाच कशाला, १५ ऑगस्ट २६ जानेवारीच्या भाषणांत, स्टेटसला ठेवायच्या फोटोंत, सैनिक बहुतेक वेळा मेलेलाच असतो. रक्त सांडलेला, तिरंग्यात गुंडाळून आलेला. जिवंत सैनिकाशी काय बोलायचं हे आपल्याला ठाऊकच नाही, खरं सांगायचं तर. तो सुट्टीवर येतो, टमटमनं घरी जातो, बँकेत लाइनीत उभा राहतो, त्याचं पोरगं आपल्या पोराच्या वर्गात असतं, आणि त्याच्यासाठी आपल्याकडं एकही वाक्य नसतं.

बलिदान शब्दाशी माझं काही वाकडं नाही हां. सोलापुरात राहून कसं असेल? आत्ताच १२ जानेवारी होऊन गेली. १९३१ साली याच तारखेला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना येरवड्यात फाशी दिलं, त्यांचे पुतळे आपण रोज गाडीवरनं बघतो. तो शब्द त्यांचा आहे, त्यांना शोभतो. गंमत बघा, ते चौघेही सैनिक नव्हते. त्याच्या आदल्या वर्षी, मे १९३० मध्ये, सोलापुरात मार्शल लॉ लागला तेव्हा गावात जे लष्कर आलं ते इंग्रज सरकारचं होतं आणि तिरंगा हातात धरला म्हणून माणसांना शिक्षा होत होत्या. म्हणजे आपल्या गावाला हुतात्मा आणि सैनिक हे दोन वेगळे शब्द आहेत हे इतर गावांपेक्षा जास्त कळायला पाहिजे. पोराला एकदा त्या पुतळ्यांपाशी घेऊन जा आणि सांगा, बलिदान म्हणजे हे. मामा करतो ती नोकरी आहे, अवघड आहे, जिवाची जोखीम आहे, आणि तो धडधाकट परत यावा म्हणून आई रडते. सहावीतल्या पोराला एवढं कळतं. त्याला ते कळलंय म्हणून तर हा सगळा घोळ झाला.

बाईंवर पण फार रागवू नका. मी हे करून बसलेय म्हणून सांगते. १९९९ ला कारगिल चालू होतं तेव्हा मी मोहोळकडच्या एका शाळेत होते, पाचवीचा वर्ग, ५२ पोरं. राख्या आणि पत्रं पाठवायची ठरली आणि मी पण फळ्यावर मजकूर लिहिला, तोच, शूरवीर, बलिदान, ऋण, सगळं. शुद्धलेखनाच्या चुका नकोत म्हणून तपासून, लाल पेननं दुरुस्त करून पाठवली. दिवाळीच्या सुमारास एक उत्तर आलं, एकच. इनलँड लेटर, मोडकंतोडकं मराठी, बहुतेक विदर्भातला मुलगा असावा. त्यानं ५१ पत्रांबद्दल आभार मानले होते एका ओळीत. बाकी सगळं पत्र एकाच पोराला होतं, कारण त्या पोरानं मजकूर उतरवून झाल्यावर खाली कोपऱ्यात लिहिलं होतं 'आमची म्हैस व्याली' आणि ते खोडायचं माझ्याकडनं राहून गेलं होतं. त्या जवानानं विचारलं होतं, रेडा झाला का पारडी, दूध किती देते, पाऊस झाला का तुमच्याकडं. मी ते पत्र वर्गात वाचलं आणि नंतर स्टाफरूममध्ये जाऊन बसले. त्यानंतर फळ्यावर मजकूर कधी लिहिला नाही.

तुमच्या बाईंना म्हशीचं पत्र आलेलं नाही अजून, एवढंच. त्यांच्या डोक्यावर २६ जानेवारीचा कार्यक्रम, ४०-५० कार्डं, वर फोटो काढून पाठवायचे. पण पोराचं खाजगी वाक्य वर्गात वाचून दाखवलं ही चूक आहे आणि ग्रुपवर टाकलं ही त्याहून मोठी, तिथं मी त्यांची बाजू घेणार नाही.

आता प्रतिज्ञा. तुम्ही लिहिलंय की तो प्रतिज्ञा म्हणत नाही म्हणजे त्याला देशाबद्दल काही वाटत नाही. मला हे उलटं दिसतंय. ज्याला काहीच वाटत नाही तो पोपटासारखा म्हणून मोकळा होतो. मी स्वतः २२ वर्षं परिपाठ घेतला, त्यातले निम्मे दिवस उजवा हात पुढं आणि डोक्यात पोषण आहाराचं रजिस्टर. तुमचं पोरगं तोंड बंद ठेवतंय म्हणजे त्याला ते शब्द ऐकू येतायत.

त्याला 'का म्हणत नाहीस' असं विचारू नका, त्याला उत्तर देता येणार नाही, तो गप्प बसेल, तुम्ही चिडाल. बालभारतीच्या कुठल्याही पुस्तकाचं पहिलं पान उघडा, शेजारी बसा आणि विचारा, 'कुठल्या ओळीला अडकतोस?' माझा अंदाज सांगू? 'प्रत्येकाशी सौजन्याने वागेन.' आदल्या दिवशी ज्या वर्गानं त्याच्या आईच्या रडण्यावर दात काढले तोच वर्ग दुसऱ्या दिवशी सकाळी हात पुढं करून हे वाक्य एका सुरात म्हणतोय. मोठ्या माणसाला हे पचतं, आपण गिळायला शिकलोय. ११ वर्षांच्या पोराला कसं पचावं? का 'सारे भारतीय माझे बांधव आहेत' हीच ओळ असेल. त्यालाच विचारा.

आणि मग त्याला त्या प्रतिज्ञेची गोष्ट सांगा, कारण बहुतेक घरांत कुणाला माहीत नसते. ही लिहिली पैडिमर्री वेंकट सुब्बा राव यांनी, १९६२ साली, चीनशी युद्ध झालं त्याच वर्षी. ते काही मोठे पुढारी नव्हते, विशाखापट्टणमला जिल्हा कोषागार अधिकारी होते, म्हणजे ट्रेझरीत बिलं पास करणारा माणूस. आणि लिहिली तेलुगूत! आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात आजही कितीतरी घरांत आज्या जी भाषा बोलतात त्या भाषेत. आधी तिकडच्या शाळांत म्हणायला लागले आणि २६ जानेवारी १९६५ पासून देशभर. तुमच्या पोराच्या वर्गात पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकरांच्या घरातली पोरं असणारच, बाईंनी एक दिवस त्यांच्यापैकी एखाद्याच्या आजीला बोलवून तेलुगूतनं प्रतिज्ञा म्हणायला लावली तर परिपाठ कसला भारी होईल बघा.

दुसरं, ती प्रतिज्ञा एकदा पेन्सिल घेऊन नीट वाचा. युद्धाच्या वर्षात लिहिलेली असून त्यात शत्रू नाही, युद्ध नाही, रक्त नाही, बलिदान नाही, सैनिक हा शब्दसुद्धा नाही. त्यात आईवडील आहेत, गुरुजन आहेत, वडीलधारी माणसं आहेत, देशबांधव आहेत, त्यांचं कल्याण आहे. मराठी प्रतिज्ञेत सैन्यातला म्हणावा असा एकच शब्द आहे आणि तो आपण रोज म्हणून पण कुणाच्या लक्षात येत नाही, 'पाईक'. पाईक म्हणजे पायदळातला साधा शिपाई, पायी चालणारा. तुकोबांचे पाइकीचे अभंग आहेत की. तर प्रतिज्ञा म्हणते, त्या परंपरांचा पाईक होण्याची पात्रता माझ्या अंगी यावी म्हणून मी सदैव प्रयत्न करीन. मी पाईक आहे असं नाही म्हणत, मी लायक आहे असं पण नाही, प्रयत्न करीन म्हणते. जे पोरगं 'खोटं कसं लिहू' म्हणून अडून बसतंय त्याला ही ओळ दाखवा. प्रयत्न करीन म्हणायला काही खोटं बोलावं लागत नाही. मला वाटतं तो या ओळीवर थोडा सैल होईल, निदान मामाच्या पायदळाशी त्याचा काही संबंध आहे म्हणून तरी. (मामा पायदळात नसेल तर हे माझ्या अंगावर ढकलू नका.)

पण ताई, पोराची शंभर टक्के बाजू पण मी घेणार नाही. सगळ्यांबरोबर म्हणायच्या काही गोष्टी असतात, आरती आहे, राष्ट्रगीत आहे, प्रतिज्ञा आहे, त्या रोज मनातनं येत नाहीत, तरी म्हणायच्या असतात, आणि तोंडपाठ झालेलं कधीतरी चाळिशीत, पन्नाशीत अचानक उमगतं, माझं पाईकचं तसंच झालं. बाईंवरचा राग प्रतिज्ञेवर काढू नये हे त्याला सांगायला हवं. सांगायला हवं म्हणतेय, लादायला नाही. तो उभा राहतो, हात पुढं करतो, दंगा करत नाही, इतकं आत्ता पुरे. दोन-तीन आठवडे त्यावर एक शब्द बोलू नका. ज्या दिवशी म्हणेल त्या दिवशी टाळ्या पण वाजवू नका.

तुम्हाला भीती वाटतेय की यावरनं काही कारवाई होईल का, तेवढ्यापुरतं सांगते. राष्ट्रीय प्रतीकांच्या अवमानाचा जो १९७१ चा कायदा आहे त्यात ध्वज, संविधान आणि राष्ट्रगीत आहे, प्रतिज्ञेचा त्यात उल्लेख नाही. आणि १९८६ मध्ये केरळातल्या तीन भावंडांची केस सुप्रीम कोर्टात गेली होती, ती राष्ट्रगीताला अदबीनं उभी राहायची पण धर्माच्या कारणानं म्हणायची नाहीत, शाळेनं काढून टाकलं होतं, कोर्टानं परत घ्यायला लावलं. तुमच्या पोराचं कारण वेगळं आहे आणि हे घेऊन शाळेत भांडायला जा असं मी अजिबात म्हणत नाही. फक्त रात्री झोप लागावी म्हणून सांगितलं. गप्प उभं राहणं म्हणजे अपमान, असं आपल्या सगळ्यात मोठ्या कोर्टानंही धरलेलं नाही.

सासऱ्यांनी माफीचं सुचवलंय. कशाची माफी पण? मामाला थंडी विचारली याची? माफी मागायला लावलीत तर तो एक गोष्ट पक्की शिकेल, की खरं लिहिलं की हसतात आणि वर माफी मागावी लागते, पुढच्या वेळी फळा उतरवून घ्यायचा. सासऱ्यांना हे तुम्ही सांगू शकणार नाही कदाचित, घराघरांत ते कसं असतं मला माहितीये. त्यांना म्हणा, बाबा आधी मी एकटी जाऊन बाईंना भेटते, मग बघू. वडीलधाऱ्यांचा मान पण राहिला आणि वेळ पण मिळाला.

आणि खरंच एकट्या जा. मिस्टरांना नका नेऊ, गरम डोक्याचे दिसतात. पालकसभेत नको, ग्रुपवर तर नकोच, शाळा सुटल्यावर बाई वह्या गोळा करत असतील तेव्हा. संस्कारावर वाद घालू नका, पाच मिनिटांत दोघींचा आवाज चढेल. सरळ सांगा की बाई माझा सख्खा भाऊ सर्विसला आहे, तो शब्द ऐकला की माझ्या पोटात गोळा येतो, पोरानं तो लिहिला नाही याचं कारण मी आहे. बस. मग दोन गोष्टी मागा. त्याचं कार्ड आहे तसं जाऊ द्या, आणि पोरांचं घरातलं काही लिहिलेलं असेल तर परत वर्गात वाचू नका. बहुतेक बायका इथं विरघळतात हो, शिक्षिका पण कुणाच्यातरी बहिणीच असतात. नाही विरघळल्या तर कार्डावर पोराला झेंड्याचं चित्र काढू दे आणि खाली 'धन्यवाद' लिहू दे, त्यात काही खोटं नाही, विषय संपला. वर्गात टोमणे चालूच राहिले तर मात्र मुख्याध्यापकांना लेखी द्या, तारखेसकट, ग्रुपच्या मेसेजचा फोटो जोडून. ती शेवटची पायरी, पहिली नव्हे.

ग्रुपवर काय उत्तर द्यायचं असं विचारलंय. काही नाही. म्यूट करा.

हे उत्तर लिहीत असताना आणखी दोन शिक्षिकांचे मेसेज आले, २६ जानेवारीला पोरांकडनं सैनिकांसाठी काय करून घ्यावं म्हणून, तर त्यांना पण इथंच सांगते. फळ्यावर मजकूर लिहू नका, प्रश्न लिहा. आज तुम्ही डब्यात काय आणलं, तुमच्या गल्लीत सध्या काय चाललंय, सैनिकाला तुम्हाला काय विचारायचंय. सहावीतलं पोरगं या तिन्हीची उत्तरं विचारणाऱ्याला दमवेल इतकी देतं. शुद्धलेखन तपासू नका, म्हशी तशाच राहू द्यात. पाहुणा म्हणून पुढाऱ्याऐवजी माजी सैनिक बोलवा, तो शोधायला लांब जायला नको, बँकांच्या दारात बंदूक घेऊन जे काका बसलेले असतात त्यांच्यातले कितीतरी रिटायर्ड फौजी असतात, आपण त्यांच्यापुढनं पासबुक हलवत आत जातो आणि बाहेर येतो. त्यांना भाषण करायला लावू नका, पोरांना प्रश्न विचारू द्या, जेवायला काय मिळायचं, अंघोळ कशी करायचे, घरची आठवण आली की काय करायचे. आणि ७ डिसेंबरचा ध्वजदिन. १९४९ पासून पाळतात, शाळेत निधी गोळा होतो, पोरं दहा-वीस रुपये आणतात आणि ते पैसे कुठं जातात हे ना पोरांना माहीत ना पालकांना. ते माजी सैनिक, युद्धात अपंग झालेले जवान, वीरपत्नी, त्यांची मुलं यांच्यासाठी असतात आणि आपल्या जिल्ह्यात ते काम जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय बघतं. तिथनं कुणी येऊन पोरांना अर्धा तास सांगितलं तरी दहा भाषणांपेक्षा जास्त कळेल. विचारायला तर पैसे पडत नाहीत.

मेलेल्यांच्या गोष्टी आपल्याकडं भरपूर आहेत, जगलेल्यांच्या पण सांगा. मुरलीकांत पेटकर, आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातले, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कंबरेखाली अधू झाले, आणि १९७२ ला जर्मनीत हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक आणलं, भारताचं पॅरालिम्पिकमधलं पहिलं. पोरं असल्या गोष्टीला कान टवकारतात. आणि सोलापूरच्या पोरांना भैय्या चौकातलं कोटणीस स्मारक दाखवायला काय हरकत आहे? डॉ. द्वारकानाथ कोटणीस याच गावात १९१० साली जन्मले, १९३८ ला पाच डॉक्टरांच्या पथकातनं चीनला गेले आणि तिथं जखमी सैनिकांवर ऑपरेशनं करत राहिले, १९४२ ला तिथंच वारले, ३२ वर्षांचे. हातात बंदूक न घेता, दुसऱ्याच देशातल्या सैनिकांसाठी एक सोलापूरकर हे करून गेला. शहराबाहेरचे लोक बघायला येतात, आपली पोरं समोरनं रिक्षातनं शाळेत जातात.

परत तुमच्याकडं येते ताई. भावाला सांगा. त्याला काय वाटेल म्हणून लपवताय, पण मला वाटतं त्याला हसू येईल आणि मग बराच वेळ तो काही बोलणार नाही. ते परत आलेलं कार्ड फेकलं नसेल तर तेच पाठवा, त्याचा फोटो काढून व्हॉट्सॅपवर नका टाकू, खरं कार्ड पोस्टानं. पत्ता तुमच्याकडं असेलच, नंबर, हुद्दा, नाव, युनिट आणि खाली केअर ऑफ ५६ एपीओ नाहीतर ९९ एपीओ (एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस), जे असेल ते. पत्ता पोराच्या हातनं लिहून घ्या आणि त्याला दाखवा की या पत्त्यात गावाचं नावच नसतं, का नसतं ते पण सांगा, युनिट कुठं आहे ते बाहेर कळू नये म्हणून. साध्या लाल पेटीत टाकलं तरी पोचतं. आणि याच कारणानं मामाचा वर्दीतला फोटो, युनिटचं नाव, तो कुठं आहे हे त्या ग्रुपवर चुकून पण टाकायचं नाही, कितीही वाटलं की आता दाखवून द्यावं यांना.

मोरीत रडता ते आता पोराला माहीतच आहे. नळ सोडायची गरज नाही. पुढच्या फोनला त्याला शेजारी बसवा, फोन ठेवल्यावर जे होईल ते होऊ द्या, तो विचारेल तर सांगा की मला काळजी वाटते. त्यात मिलिटरीवाल्याच्या बहिणीला कमीपणा वाटावा असं काय आहे? त्या कार्डात पोरानं तुमची तक्रार केली नव्हती. मामाला कळवलं होतं की तुझी वाट बघणारं इथं कोण आहे.

कार्डाबरोबर पार्सल करणार असाल तर शेंगाचटणी डबल पिशवीत घाला, तेल सुटतं आणि कार्ड खराब होतं. कडक भाकऱ्या मात्र एकावर एक कागद घालून घट्ट बांधा, तरी निम्म्यांचा चुरा होणारच. होऊ द्या, दुधात चालतो.